‘स्क्रूज’, १९५१ : मराठी सबटायटलच्या कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

आमच्या दहा-बारा जणांच्या चित्रपट अभ्यास गटाने डिसेंबरच्या बैठकीसाठी १९५१ चा कृष्णधवल ‘स्क्रूज’ निवडला आहे आणि त्याला मराठी सबटायटल करण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. गटातील ज्येष्ठांना इंग्रजी वाचनाची अडचण नाही. परंतु जुन्या ब्रिटिश चित्रपटातील बोलणे, त्यातही लंडनच्या कष्टकरी वस्तीतले, कानांना पकडता येत नाही, अशी त्यांची रास्त तक्रार असते.

चित्रपट चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या दीर्घकथेवर आहे : स्क्रूज हा लंडनमधला कंजूष व्यापारी नाताळच्या आदल्या रात्री भुतांच्या भेटीने बदलून जातो. ही कथा १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या सहा हजार प्रती संपल्या. चित्रपटांना ती फार लवकर सापडली. १९०१ सालचा काही मिनिटांचा मूकपट आजही अर्धामुर्धा उपलब्ध आहे. या गर्दीत ब्रायन डेस्मंड हर्स्ट यांनी दिग्दर्शित केलेला आणि अ‍ॅलिस्टर सिम यांनी स्क्रूज साकारलेला हा चित्रपट मी वीसेक वर्षांपूर्वी पाहिला होता. तेव्हा पुस्तक नुकतेच वाचून झालेले असल्यामुळे नोएल लँग्ली यांची पटकथा जिथे जिथे मूळ कथेपासून सरकते, तिथे तिथे मी मनातल्या मनात लाल शाईची खूण करत होते. आज तो सलग ८६ मिनिटे पुन्हा पाहिला. त्या खुणा अजून आठवतात, मात्र त्या शिक्षकी थाटाच्या होत्या अशी शंका येऊ लागली आहे. सबटायटल करताना प्रत्येक वाक्यापाशी थांबावेच लागते, त्यामुळे शंकेचा निकाल लागेल.

५ नोव्हेंबर

पहिल्या वीस मिनिटांचे संवाद उतरवून काढले. सिम यांचे बोलणे उतरवणे सोपे जाते. नट होण्यापूर्वी ते एडिंबरोत उच्चार आणि वक्तृत्व शिकवत असत आणि ते प्रत्येक व्यंजनात ऐकू येते. तरुण स्क्रूजचे काम करणारे जॉर्ज कोल हे महायुद्धाच्या काळात किशोरवयात सिम दांपत्याच्या घरी राहायला आले होते. चेहऱ्यात साम्य नसले तरी वाक्य तोडण्याची लकब दोघांची एकच वाटते, म्हणून तरुण आणि वृद्ध स्क्रूजला एकाच वळणाची मराठी द्यायची असे ठरवले.

खानावळीच्या प्रसंगावर अर्धा तास गेला, आणि त्यात बोलणे तीनच वाक्यांचे आहे. एकटाच जेवत बसलेला स्क्रूज वेटरला आणखी पाव मागतो. वेटर सांगतो की अर्धा पेनी जादा पडेल. स्क्रूज तो नाकारतो. मी आधी ‘मग पाव नको’ असे लिहिले. ‘मग’ आला की वाक्य समंजस होते, हिशेब पटलेल्या माणसाचे होते. पण पडद्यावर सिम यांच्या तोंडाचे कोपरे खाली येतात, पाव मिळणार नाही याचे लहान मुलासारखे दुःख दिसते, आणि त्या दुःखावर अर्धी पेनी मात करते. जे चेहऱ्यावर दिसते ते खाली लिहायचे कशाला, म्हणून ‘मग’ काढून टाकला. ‘पाव नको.’ एवढेच राहिले.

९ नोव्हेंबर

आज भुतांचा दिवस होता. स्क्रूजला आधी त्याचा सात वर्षांपूर्वी मेलेला भागीदार जेकब मार्ली भेटतो आणि नंतर नाताळचे तिघे जण येतात : होऊन गेलेल्या नाताळांचा, आजच्या नाताळचा आणि येणाऱ्या नाताळांचा. इंग्रजीत मार्लीला आणि या तिघांना एकच शब्द चालतो. मराठीत ‘भूत’ लिहिताच पहिल्याच पाहुण्याला ‘भूतकाळाचे भूत’ व्हावे लागते. ही कोटी भाषेने फुकट दिलेली आहे आणि वाचताना हसू येते. परंतु पडद्यावर तेव्हा मायकेल डोलन यांचा शांत, पांढऱ्या केसांचा वृद्ध उभा असतो आणि थट्टेला तिथे जागाच नाही. ‘आत्मा’ हा शब्द मराठी बायबलमध्ये पवित्र आत्म्यासाठी रुळलेला आहे, त्यामुळे ख्रिस्ती सणाच्या कथेत तो सैलपणे वापरायला मन धजेना.

शेवटी कामाची वाटणी केली. मार्ली हा मेलेला माणूस आहे, म्हणून तो ‘पिशाच्च’. उरलेले तिघे कधी जिवंतच नव्हते, म्हणून त्यांना ‘गतनाताळ’, ‘आजचा नाताळ’ आणि ‘येणारा नाताळ’ अशी नावेच दिली आणि भूत हा शब्द पूर्णपणे टाळला. ‘नाताळ’ शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, पावासारखाच. या चित्रपटात दोघेही सारखेच भेटत राहणार.

१२ नोव्हेंबर

स्क्रूजचा जगप्रसिद्ध तिरस्काराचा शब्द ‘हंबग’. बहुतेक जण त्याला नुसता ‘फालतूपणा’ समजतात, पण त्याचा अर्थ फसवणूक असा आहे : नाताळ हे लोकांनी मिळून चालवलेले एक ढोंग आहे असे हा माणूस मानतो. ‘थोतांड’ शब्द अर्थाने तंतोतंत बसतो, आणि उच्चारताना दात-ओठ खावे लागतात हा वरचा फायदा.

दानासाठी पैसे मागायला आलेल्या दोन सद्गृहस्थांना स्क्रूज तुरुंगांबद्दल आणि वर्कहाउसबद्दल विचारतो. १८३४ च्या कायद्याने उभी राहिलेली ही घरे गरिबांच्या मदतीपेक्षा त्यांच्या धास्तीसाठीच होती. आत गेलेल्या नवरा-बायकोला आणि मुलांना वेगवेगळे ठेवत आणि पोटासाठी कष्टाची कामे करून घेत. ‘अनाथालय’ किंवा ‘आश्रम’ लिहिले तर स्क्रूजचे बोलणे जवळजवळ दयाळू होऊन जाते. ‘बेगारखाने’ असा शब्द जुळवला आहे. कोशात तो असो वा नसो, बेगार म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पुढे ‘फाजील लोकसंख्या’ आपसूकच बसली.

१६ नोव्हेंबर

अख्खा दिवस एका वाक्याने खाल्ला. मार्लीचे पिशाच्च साखळ्या ओढत समोर येऊन बसले आहे आणि स्क्रूज त्याला सांगतो की तू खरा नाहीस. न पचलेला मांसाचा तुकडा असशील, मोहरीचा डाग असशील, चीजचा कण किंवा अर्धकच्चा बटाटा असशील. त्यानंतर डिकन्सची कोटी येते : तुझ्यात थडग्यापेक्षा जेवणातल्या रश्शाचाच भाग जास्त आहे. इंग्रजीत थडगे आणि रस्सा हे शब्द एका अक्षराच्या अंतरावर आहेत. घाबरलेला माणूस विनोद करून स्वतःला धीर देतो आहे, म्हणून विनोद थोडा वाईट असायला हरकत नाही, पण तो असायलाच हवा.

पहिला प्रयत्न : ‘तू थडग्यातून नव्हे, थाळीतून उठून आलायस.’ यमक आहे, गंमत नाही. ‘थाळी’ म्हटल्यावर वाटीत आमरसच दिसतो. दुसरा प्रयत्न रात्री भांडी घासताना सुचला : ‘तू पितर नाहीस, माझं पित्त आहेस.’ हात ओले असतानाच लिहून ठेवला. अपचनाचा संदर्भ आला, मृताचा आला, आणि पुरते दोन शब्दही लागले नाहीत. आनंद तासभर टिकला. पितर म्हटल्यावर पितृपंधरवडा आला, कावळा आला, दर्भ आला, आणि व्हिक्टोरियन लंडनमधली ती अंधारी खोली एकदम आपल्या ओसरीवर आली. शिवाय मार्ली त्याचा वाडवडील नव्हे, भागीदार आहे. वाक्य तसेच ठेवून पुढे ‘पाहणे’ अशी खूण केली.

१७ नोव्हेंबर

सुमारे तीनशे ओळी झाल्या. जॉर्किन नावाच्या गुळगुळीत व्यापाऱ्याचे प्रसंग भराभर उरकले; हे पात्र कथेत नाही. तरुण स्क्रूज आणि मार्ली त्याच्या अफरातफरीची भरपाई करून कंपनीचे ५१ टक्के भाग हातात घेतात, एवढे समजले की पुरे.

२३ नोव्हेंबर

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा तक्ता करायला बसले आणि त्यातून हा चित्रपट मला पहिल्यांदा नीट दिसला असे म्हणावे लागेल.

इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम चालते. मराठीत मात्र स्क्रूज त्याच्या हाताखालच्या माणसांशी कसे बोलतो हे प्रत्येक ओळीत ठरवावे लागते. आठवड्याला १५ शिलिंगांवर राबणारा कारकून बॉब क्रॅचिट याला मी ‘तुम्ही’ दिले, कचेरीतले कोरडे, अंतर राखणारे. शेवटी पगार वाढवताना स्क्रूज त्याला ‘बॉब’ म्हणतो, तिथे ‘तू’. आपल्याकडे जवळीक दाखवायला खाली उतरावे लागते, हे इथे उपयोगी पडले.

मिसेस डिल्बरचे गणित उलटे निघाले. पुस्तकात हे नाव एका धोबिणीला आहे आणि स्क्रूजची मोलकरीण बिननावाची आहे. लँग्लींनी ते नाव मोलकरणीला दिले, ते काम कॅथलीन हॅरिसन यांच्याकडे गेले, आणि मग तिला तीनदा आणले : मार्ली मरतो त्या संध्याकाळी निरोप घेऊन कचेरीत येणारी, भविष्यात मेलेल्या स्क्रूजच्या पलंगाचे पडदे जुन्या बाजारवाल्याला विकणारी, आणि नाताळच्या सकाळी न्याहारी घेऊन येणारी. वीस वर्षांपूर्वी मी इथे जाड लाल खूण केली होती. पुस्तकातला बदललेला स्क्रूज त्या सकाळी खिडकीतून रस्त्यावरच्या पोराला हाक मारतो. या चित्रपटात त्याच्या आधी तो घरातल्याच बाईला गाठतो, जी इतकी वर्षे त्याचा केर काढत होती. तो नाचतो, डोक्यावर उभा राहायचा प्रयत्न करतो. ती किंचाळत, एप्रन तोंडावर ओढून जिन्याकडे पळते. तो मागे धावून तिच्या हातावर गिनी ठेवतो, आणि तिला वाटते की हे तोंड बंद ठेवण्याचे पैसे असावेत. त्या एका संशयात आधीच्या सगळ्या वर्षांचा हिशेब आहे. मग तो तिचा आठवड्याचा पगार दोन शिलिंगांवरून दहा करतो.

सर्वनामांचा निर्णय असा : आधी ‘तू’, नाव न घेता. त्या सकाळीही वार विचारताना सवयीने ‘तू’च. गिनी देताना मात्र ‘डिल्बरबाई, हे तुम्हाला.’ ‘बाई’ हा शब्द आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईलाही लागतो आणि शाळेतल्या बाईंनाही, म्हणून तो इथे दोन्हीकडून काम करतो. ‘डि’ आणि ‘ल्ब’ मुद्दाम नीट लिहिले आहेत, कारण घाईत टंकलेल्या पहिल्या प्रतीत ती ‘दिलबर’ झाली होती.

गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे तिचा साडेदहा आठवड्यांचा पगार. हे सबटायटलमध्ये मावणार नाही. बैठकीला वाटायच्या कागदावर चलनाचे दोन ओळींचे कोष्टक द्यायचे.

२८ नोव्हेंबर

स्क्रूजच्या बहिणीचे नाव फॅन. मृत्युशय्येच्या प्रसंगात वृद्ध स्क्रूज हुंदके देत तिची क्षमा मागतो, आणि खाली ‘मला क्षमा कर, फॅन’ असे आले तर निम्मे प्रेक्षक छताकडे पाहतील. ‘फॅनी’ करणे भाग होते. याला एक आधारही आहे : डिकन्सची स्वतःची बहीण फॅनी होती.

त्या निमित्ताने वयाचा गुंता पुढे आला. पुस्तकात ही बहीण स्क्रूजपेक्षा लहान आहे. चित्रपटात मात्र स्क्रूजला जन्म देताना त्याची आई गेली आणि म्हणून बापाने त्याचा राग धरला, असे दाखवले आहे. मग फॅन थोरलीच असली पाहिजे. पडद्यावरची अभिनेत्री मात्र धाकटी दिसते आणि चित्रपट या विसंगतीकडे ढुंकूनही पाहत नाही. मराठीला ‘ताई’ की ‘छोटी’ हे विचारल्याशिवाय राहवत नाही. मी दोन्ही टाळून नावावरच भागवले. डिकन्सची फॅनी त्याच्यापेक्षा मोठी होती, म्हणजे पटकथेतली ही चूक लेखकाच्या घराच्या जास्त जवळ जाते, एवढे मात्र नोंदवून ठेवते.

ही माझी दुसरी जाड लाल खूण होती, आणि तीही आज पुसली. फॅन बाळंतपणात मरते आणि तिचा मुलगा फ्रेड उरतो. बापाने जे स्क्रूजशी केले तेच स्क्रूज भाच्याशी करतो. पुस्तकात भाच्यावरच्या रागाला असे मूळ नाही. बहिणीचे शेवटचे शब्द बाहेर पडण्याआधीच तरुण स्क्रूज खोलीतून निघून जातो. आता गतनाताळ त्याला तिथेच थांबवतो आणि बाळाला सांभाळण्याची तिची विनवणी इतक्या वर्षांनी त्याच्या कानांवर पडते. इथे मी सबटायटल एका ओळीचे ठेवले आहे. दोन ओळी वाचताना सिम यांचा चेहरा हुकला असता.

३ डिसेंबर

मोठी चूक सापडली, आणि ती सर्वस्वी माझी. मी सगळ्या वेळा ब्रिटनमधल्या जुन्या डीव्हीडीवरून लावल्या होत्या. तिथल्या दूरचित्रवाणीच्या पद्धतीसाठी सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ ने चालवत, त्यामुळे ८६ मिनिटांचा चित्रपट साडेब्याऐंशी मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. बैठकीत दाखवायची प्रत मूळ वेगाची आहे. तिच्यावर फाईल चढवली तेव्हा पहिल्या ओळी चपखल बसल्या, विसाव्या मिनिटाला ४८ सेकंदांचा फरक पडला, आणि स्क्रूजने प्रश्न विचारायच्या आत मार्लीचे उत्तर खाली येऊन गेले. शेवटाला हा फरक जवळजवळ साडेतीन मिनिटांचा झाला होता. सगळ्या वेळांना २५ ने गुणून २४ ने भागले आणि ओळी जागेवर आल्या. मधल्या दोन तासांत मी एक-एक ओळ हाताने सरकवत बसले होते, हे कोणाला सांगणार नाही असे ठरवले होते, पण नोंदवही ती नोंदवही.

८ डिसेंबर

तिघांना घरी बोलावून चाचणी घेतली. खेळवणाऱ्या प्रणालीत जोडाक्षरे तुटत होती, फॉन्ट बदलल्यावर जुळली. एका ओळीत पस्तीस-छत्तीस अक्षरांच्या वर गेले की वाचक मागे पडतो, म्हणून चाळीसेक ओळी छाटल्या.

मार्लीच्या मृत्यूच्या प्रसंगात सगळ्यांत मोठे हसू पिकले. स्क्रूज कामाची वेळ संपेपर्यंत थांबून मगच मरणाऱ्या भागीदाराकडे येतो, तर कफनपेटीवाला आधीच हजर. अर्नेस्ट थेसिगर यांच्या लांब, भुकेल्या चेहऱ्याखाली ‘आमच्या धंद्यात स्पर्धा फार आहे, साहेब’ ही ओळ आली आणि चहा सांडला.

‘पितर’ आणि ‘पित्त’ यावर अपेक्षेप्रमाणे वाद झाला. हसले तिघेही, पण एकीने लगेच विचारले की लंडनच्या माणसाला पितर कुठून आले. मी हतबल होऊन थाळीकडे परतायला निघाले, तेवढ्यात तिनेच बिस्कीट बुडवता बुडवता सांगितले, की तू त्याला आधीपासून पिशाच्च म्हणतेच आहेस ना, मग तेच वापर. ‘पिशाच्च कसलं, पित्त आहेस तू माझं!’ तीन आठवडे हा शब्द माझ्याच यादीत, माझ्याच अक्षरात पडून होता.

१४ डिसेंबर

फ्रेडच्या घरच्या मेजवानीत ‘बार्बरा अ‍ॅलन’ हे जुने लोकगीत गायले जाते. कठोर मनाची मुलगी, तिच्यासाठी झुरून मेलेला तरुण, आणि तिला उशिरा झालेला पश्चात्ताप, असा त्याचा विषय आहे. म्हणजे संगीतकार रिचर्ड अ‍ॅडिन्सेल यांनी ते सहज म्हणून घेतलेले नाही. मी गाण्याच्या कडव्यांचे भाषांतर करून ओवीच्या चालीत बसवले होते. आज ते सगळे काढून टाकले.

कारण गाणे चालू असताना दाराशी जे घडते त्याला शब्दच नाहीत. स्क्रूज आत येतो, तरुण मोलकरीण त्याची टोपी आणि कोट घेते, आणि तो दिवाणखान्याच्या बंद दाराशी अडखळतो. मागे वळून तिच्याकडे पाहतो. त्याला कोणीतरी हो म्हणायला हवे आहे, आणि ती मान हलवते, जा म्हणून. मग तो दार उघडतो. या चित्रपटात या माणसाला वाट दाखवायला पुन्हा घरकाम करणारी बाईच लागते, हे मला आजपर्यंत दिसले नव्हते. त्यावेळी पडद्याच्या तळाशी एकही अक्षर असता कामा नये.

२१ डिसेंबर

बैठक झाली. अकरा जण आले. सकाळच्या प्रसंगात ‘डिल्बरबाई, हे तुम्हाला’ या ओळीवर कोणी काही बोलले नाही, म्हणजे ती अंगात मुरली असे समजते. चलनाच्या कोष्टकाचा कागद सगळ्यांनी चाळला आणि साडेदहा आठवड्यांच्या हिशेबावर मागच्या रांगेत कुजबुज झाली. कचेरीतल्या शेवटच्या प्रसंगात, एवढे सुखी होण्याची आपली लायकी नाही आणि तरीही हसू आवरत नाही, असे स्क्रूज स्वतःशीच पुटपुटतो. तिथे मी ‘लायकी’ऐवजी ‘पात्रता’ लिहून ठेवले होते, आणि ते मोठ्या पडद्यावर सरकारी अर्जासारखे दिसले. बदलायचे.

चित्रपट संपल्यावर गटातील सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांनी चष्मा घरी विसरल्यामुळे एकही सबटायटल वाचले नव्हते, विचारले की स्क्रूज सकाळी आरशात पाहतो तेव्हा त्याच्यामागे तो दुसरा माणूस कोण. बाकी दहा जणांनी खालच्या ओळी वाचत असल्यामुळे तो पाहिलाच नव्हता. तो चित्रीकरणाच्या वेळी आरशात चुकून आलेला कोणी कर्मचारी आहे आणि सत्तरहून अधिक वर्षे तिथेच उभा आहे, असे मी सांगितले. त्यावर प्रसंग मागे नेऊन सगळ्यांना दाखवावा लागला, दोनदा. त्या क्षणी येणारे सबटायटल पुढच्या प्रतीत दीड सेकंद उशिरा लावणार आहे.